एळूच्या पुढं

अडीचचा गजर मी उशीखाली ठेवतो,
बायकोची झोप मोडू नये म्हणून.
ती जागीच असते. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिचे,
बाकीचे माझे; पण हे फक्त कॅलेंडरवर.

वैजूच्या कपाळाला हात लावला तर ओलं.
पंखा बंद, बाहेर मच्छेच्या माळावर पौषाची थंडी
आणि पोरीची कॉलर भिजलेली.
टॉर्च दातांत धरून बोट टोचलं,
डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं;
उजवा हात ती लिहायला राखून ठेवते.
पाच सेकंद.
एक्कावन्न.

दिवसभर उद्यमबागेत मी हेच करतो:
रसात दांडी बुडवायची, आकडा वाचायचा, ओरडून सांगायचा.
तेराशेच्या खाली रस साच्याच्या कोपऱ्यात पोचत नाही,
जास्त तापला तर कास्टिंगला जाळी पडते.
बिघडलंच तर फोडून परत भट्टीत.
तिथं माझा हात कधी थरथरला नाही.

तीन चमचे साखर, अर्धा पेला पाणी.
कुंदा नाही. हे शिकायला आम्हाला एक दिवाळी लागली.
बेळगावचा माणूस, हाताशी गोड म्हणजे कुंदाच येतो,
पण दुधातुपातली साखर रमतगमत निघते,
रक्ताला तेवढा धीर नसतो.

पी, म्हटलं. ती डोळे उघडते,
मला नीट ओळखत नाही,
आणि शाळेतलं कन्नड सुरू करते:
ओंदु, एरडु, मूरु...
एळूपर्यंत येते. परत ओंदु.
परत एळू, आणि तिथंच पाय अडकल्यासारखी.
घरात कुणी कन्नड बोलत नाही.
माझं फाउंड्रीतलं, निम्मं शिव्यांचं.

आता पंधरा मिनिटं काही करायचं नाही.
सगळ्यांत अवघड काम हेच.
गेल्या मार्गशीर्षात मला ते जमलं नव्हतं;
घाबरून बिस्किटाचा पुडा, वर केळं, वर दूध.
पहाटे तीनशे चाळीस,
ती तांब्यावर तांब्या पाणी पीत होती.
डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

आमच्याकडं सीमा म्हटलं की
माणसं पाट्यांबद्दल बोलतात, गावांबद्दल बोलतात.
माझा बापही बोलायचा, त्यापायी दोन दिवस आत बसून आला.
माझी सीमा सत्तर.
तिच्या अलीकडे-पलीकडे पोर रात्रभर जाते-येते
आणि कुणी मोर्चा काढत नाही.

त्रेसष्ट. अजून दोन चमचे. पुन्हा बसणं.
बायको उठून तिच्या पायांशी येते, वार तिचा नसताना.
म्हणते, काल शाळेत कबड्डी खेळली.
मग मला का सांगितलं नाहीस?
कुणी कुणाला सांगायचं होतं यावर
आम्ही कुजबुजत भांडायला लागतो
आणि अर्ध्यात सोडून देतो.
चौऱ्याण्णव.
भाकरीचा कोपरा, शेंगदाण्याची चटणी.
ती झोपेतच चावते.

साडेपाचला परत मोजलं. एकशे शहात्तर, चढती.
मधे कुणी काही दिलं नाही.
पहाटे अंगच आतून साखर सोडतं म्हणे,
माणसानं उठावं म्हणून.
एवढं काळजीवाहू अंग, आणि एवढी घाई.
डबीत पट्ट्या सहा. आज बुधवार. पगार शनिवारी.

नळावर दात घासताना ती विचारते,
रात्री किती?
वहीत लिहिलंय, म्हटलं.
आणि मी काय बडबडत होते?
मोजत होतीस. कन्नडात. सातपर्यंत.
पुढं?
पुढं मला येतंय. पण म्हटलं, येत नाही.

तोंडात फेस, ब्रश गालात.
एंटु, म्हणते, ओंबत्तु, हत्तु. म्हणा.
रस्त्यावर कंपनीची गाडी हॉर्न देते.
ओंबत्तु मी मुद्दाम चुकवतो.
ती परत म्हणायला लावते.